नजरचूक हे कारण नाही

१

पाकीट फोडलं गेलं होतं, यात शंका नव्हती.

क्लासच्या मोठ्या सरांनी ते टेबलावरून माझ्यापुढे सरकवलं. तोंडाला चिकटपट्टी आणि पट्टीवरून कागदावर उतरलेली गणिताच्या बाईंची सही. कुणीतरी पट्टी काढून परत लावली होती. मन लावून लावली होती, पण सहीचे दोन तुकडे काही नीट जुळले नव्हते.

"शनिवारी संध्याकाळी बाईंनी हे माझ्या कपाटात ठेवलं," सर म्हणाले. "रविवारी शेवटचा सराव पेपर झाला. सोमवारी तपासायला पाकीट काढलं, तर हे असं. आणि आज निकाल लागला, तर तुमची मुलगी पहिली."

तुमची म्हणजे माझ्या धाकट्या भावाची. तिला घरात सगळे मुंगी म्हणतात. एकदा एखादी गोष्ट उचलली की ती वारुळापर्यंत पोचवल्याशिवाय ही सोडत नाही. या क्षणी ती वडिलांशेजारी ताठ बसली होती. भाऊ मात्र खुर्चीत असा बसला होता की खुर्चीचीसुद्धा माफी मागेल.

मी पाकिटातला पुठ्ठा बाहेर काढला. या क्लासची तपासायची पद्धत जुनी होती. बरोबर उत्तरांच्या जागी भोकं पाडलेला पुठ्ठा उत्तरपत्रिकेवर ठेवायचा आणि भोकातून दिसणारे काळे गोल मोजायचे. भोकांच्या कडा पेन्सिलीने काळवंडल्या होत्या.

"आतापर्यंत ही मधल्या बाकांवरची," सर पुढे म्हणाले. उकाड्यामुळे ते एका प्रश्नपत्रिकेने वारा घेत होते. पेपर कोराकरकरीत होता, पेन्सिलीची एक रेघ नाही. "मधल्या बाकांवरून कुणी एकदम पहिलं येत नाही, मॅडम. मी इतकी वर्षं मुलं बघतोय. चोर शोधायचा तर कोण वर चढलं ते बघायचं. साधा हिशोब आहे."

"मग कबुली कशाला हवी? हिशोब झालाच आहे ना?"

त्यांनी माझ्याकडे दुर्लक्ष करून एक कोरा कागद आणि पेन भावापुढे ठेवलं. "तिने माफी लिहून द्यावी. विषय इथेच संपेल. नाहीतर उद्या दुपारी मी तिच्या कॉलेजात जाणार. प्रवेश परीक्षेचं हॉल तिकीट प्राचार्यांच्या हातून मिळतं, हे तुम्हाला माहीत आहेच."

म्हणजे वर्ष गेलं. मेडिकल गेलं. भावाने निमूटपणे पेनाचं टोपण काढलं. "मुंगे, लिहून टाक," तो हळूच म्हणाला. "परीक्षा तोंडावर आलीय. कशाला वाद वाढवायचा?"

"नाही," मुंगी म्हणाली.

"अगं, दोन ओळींचा तर प्रश्न आहे."

"बाबा, मी चुकले की मी लिहिते. रोज लिहिते. न केलेली चूक मी लिहिणार नाही."

सरांचा पंखा थांबला. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि अशा वेळी मी फार गोड बोलते. "उद्या दुपारपर्यंत वेळ दिलात ना, सर? मग तो कागद तसाच ठेवा. लागेल आपल्याला."

२

मी विमा कंपनीत दावे तपासते. दुकान जळालं म्हणून माणूस रडत येतो, तेव्हा त्याचे अश्रू पुसायचं काम दुसऱ्या कुणाचं असतं. मी राखेत फिरते. सगळे जण काय जळालं ते बघतात, मी काय वाचलं ते बघते. आग लागण्यापूर्वी मालकाने घरी नेऊन ठेवलेला टीव्ही मला आजवर बराच उपयोगी पडलाय.

भाचीलाही मी सवलत दिली नाही. घरी आल्यावर तिला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं आणि म्हटलं, "आता मी तुझी आत्या नाही. पहिली कशी आलीस ते सांग."

ती उठली आणि पेपरांचा गठ्ठाच घेऊन आली. वर्षभराचे सगळे सराव पेपर, पहिला सगळ्यात वर. त्यावर इतकी लाल शाई होती की मला आधी वाटलं तपासणाऱ्याने राग काढलाय.

"ही शाई माझी आहे," ती म्हणाली. "वर्गात पेपर मिळाला की सगळे गुण बघतात, बरोबर उत्तरं वाचतात, 'अरे हो, हे तर येत होतं' म्हणतात आणि पेपर ठेवून देतात. मीही तेच करायचे. दर वेळी तेच गुण. मग ठरवलं, उत्तर बघायचंच नाही. चुकलेला प्रश्न आधी परत सोडवायचा. सुटला, तर पहिल्यांदा का सुटला नाही ते बाजूला लिहायचं. नाही सुटला, तर कुठे अडलं ते लिहायचं."

मी वाचू लागले. अर्धाच प्रश्न वाचला. एकक बदललं नाही. हा धडा येतो अशी समजूत होती, येत नाही. पहिल्या पेपरवर बऱ्याच ठिकाणी 'नजरचूक' लिहिलं होतं आणि नंतर ते तिनेच खोडलं होतं.

"हे का खोडलंस?"

"कारण ते कारणच नाही, आत्या. ते लिहिलं की बरं वाटतं आणि पुढच्या पेपरात तीच चूक परत होते. नजर का चुकली, ते लिहायचं. घाई होती का, भीती होती, की येतच नव्हतं आणि कबूल करायचं नव्हतं."

"मग काय सापडलं?"

तिने पेपर उलगडत नेले. "मी आधी पेन्सिलीने पेपरवरच उत्तराला खूण करते. शेवटी गोल काळे करताना भीती वाटते आणि बदलते. तपासलं तर काय, बदललेली बहुतेक सगळी उत्तरं आधी बरोबर होती. आणि इथे चुकलं की गुण कापतात, म्हणजे मार दोन्हीकडून. या वेळी एकच नियम केला. का बदलतेय ते दोन शब्दांत लिहिता आलं तरच बदलायचं. नाही लिहिता आलं तर हात मागे. आणि जे येत नाही ते कोरं."

रविवारचा पेपर तिने माझ्यापुढे ठेवला. समास आकडेमोडीने भरलेले, दोन-तीन ठिकाणी छोटी कारणं. घाईघाईत बनवलेला पुरावा मी ओळखते. त्यात असा गचाळपणा कधी नसतो. मला खात्री पटली. पण माझी खात्री घेऊन कॉलेजचे प्राचार्य काय करणार होते? फार तर चहाबरोबर घेतली असती.

पेपर परत देताना खालच्या कोपऱ्यात मला एक बारीक अक्षर दिसलं. 'ब'.

"हे काय?"

"माहीत नाही. माझ्या शेजारणीच्या पेपरवर 'अ' होतं," मुंगी म्हणाली. "बाहेर आल्यावर ताडून बघत होतो, तर तिचा पहिला प्रश्न वेगळाच. प्रश्न तेच होते, पण तिचा क्रम निराळा आणि माझा निराळा."

मी खुर्चीत सरळ झाले. पेपर दोन प्रकारचे होते. आणि पाकिटात पुठ्ठा एकच होता.

३

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी क्लास गाठला. मोठे सर यायचे होते. ऑफिसातले काका पावत्यांची पुस्तकं लावत होते. त्यांना मी विमा कंपनीचं ओळखपत्र दाखवलं. त्याचा इथे काडीचाही उपयोग नव्हता, पण लोकांना ओळखपत्र बघून बरं वाटतं.

"कपाट सरांच्या केबिनमध्ये," काका म्हणाले. "किल्ली ड्रॉवरमध्ये. पण सर नसताना केबिनमध्ये चिटपाखरू जात नाही हो. माझी जबाबदारी आहे ती."

"तुम्ही स्वतः?"

"मी झाडून घ्यायलासुद्धा सर असतानाच जातो. हवं तर विचारा. आता तो बोर्डवाला बसतो तेवढाच."

बोर्डवाला कोण, हे मला विचारावं लागलं नाही. चौकात या क्लासचा मोठा फलक आहे, त्यावर एका मुलाचा हसरा चेहरा लावलाय आणि खाली लिहिलंय, 'यंदाचा आमचा पहिला'. परीक्षा व्हायची आहे, पण निकाल फलकावर लागून गेलाय. प्रत्येक सराव पेपरात पहिला येणारा मुलगा. वर्गात गलका होतो म्हणून सरांनी त्याला अभ्यासाला स्वतःची केबिन दिली होती.

"या वेळी त्याचा कितवा नंबर आला?"

काकांनी आवाज खाली आणला. "त्याचा निकाल लावलाच नाही. सर म्हणाले, ताप होता पोराला. उत्तरपत्रिका त्यांच्या ड्रॉवरमध्येच आहे."

गणिताच्या बाई मला जिन्यात भेटल्या. हातात खोक्यात भरलेली पुस्तकं. त्या या महिन्यानंतर क्लास सोडणार होत्या, हे काकांनी आधीच सांगितलं होतं. पाकीट त्यांचं, पुठ्ठा त्यांचा, सहीही त्यांची, आणि वर निघायची घाई. त्यांच्यावर संशय घ्यायला जागा होती. मी खोक्याची एक बाजू धरली.

"दोन पुठ्ठे बनवलेत आणि पाकिटात एकच ठेवलात," मी म्हटलं. "दुसरा कुठे होता?"

त्या पायरीवर थांबल्या. "माझ्या पर्समध्ये. 'ब'चा पुठ्ठा शनिवारी पुरा झाला नाही म्हणून घरी नेला, सोमवारी आणून मीच पेपर तपासले. पण तुम्हाला कसं कळलं? दोन संचांचं मी कुणालाच बोलले नव्हते. बोलले असते तर मुलं जोड्या जमवून बसली असती. सरांना तेवढं सांगितलं, पण ते फोनवर होते. ऐकलं की नाही, देव जाणे."

"का केलेत दोन संच?"

"आधीच्या पेपरांना पाकीट जरासं सैल लागायचं. वाटायचं, माझाच भास असेल. म्हणून या वेळी सहीही केली." त्यांनी खोकं कठड्यावर टेकवलं. "आता काय उपयोग? मुलीने कबूल केलंय म्हणे. मला वाईट वाटलं. कष्टाळू आहे ती."

"कोण म्हणालं कबूल केलंय?"

"मोठे सर. काल रात्री फोनवर."

मुंगीने कबूल केलेलं नव्हतं. पण सरांनी तिची कबुली आधीच वाटून टाकली होती, फलकावरच्या निकालासारखी.

"बाई," मी म्हटलं, "दोन्ही पुठ्ठे घेऊन केबिनमध्ये याल? सोडूनच जायचंय, तर जरा आवाज करून जा."

त्यांनी क्षणभर विचार केला. मग खोकं तिथेच पायरीवर ठेवलं.

४

दुपारी केबिनमध्ये आम्ही सगळे होतो. मुंगी, भाऊ, बाई, मोठे सर आणि दाराशी उभा असलेला बोर्डवाला. त्याला मी मुद्दाम बोलावून घेतलं होतं. फलकावर तो हसतो, प्रत्यक्षात त्याच्या चेहऱ्यावर हसू बसेल अशी जागाच दिसली नाही.

"माझ्याकडे वेळ नाही," सर म्हणाले. कोरा कागद तसाच टेबलावर होता. सरांच्या हातात कालचाच पंखा होता.

"माझ्याकडे आहे," मी म्हटलं. "बाई, पाकिटातला 'अ' पुठ्ठा हिच्या उत्तरपत्रिकेवर ठेवा."

बाईंनी ठेवला. भोकांमधून पांढरा कागदच जास्त दिसत होता, काळे गोल कुठेतरी एखाददुसरे. मग त्यांनी पर्समधला 'ब' पुठ्ठा ठेवला, आणि भोकं काळ्या गोलांनी भरून गेली.

"हिचा पेपर 'ब' होता," मी म्हटलं. "चोरी झाली 'अ'च्या उत्तरांची. ही चोर असेल तर फारच मूर्ख चोर आहे. चोरलेलं वापरलं नाही, स्वतःच्या डोक्याने पेपर सोडवला आणि पहिली आली."

भावाने पहिल्यांदाच मान वर केली. सर पुठ्ठ्याकडे बघत राहिले. "पण उत्तरं तर कुणीतरी बघितलीच ना?"

"नुसती बघितली नाहीत. कडा बघा. पुठ्ठा कागदावर ठेवून प्रत्येक भोकातून पेन्सिलीने टिंब काढलंय. पेन्सिलीने हा क्लास काही तपासत नाही." मी पुठ्ठा त्यांच्यापुढे धरला. "तुम्ही काल म्हणालात, कोण वर चढलं ते बघायचं. तिथेच तुमचा हिशोब चुकला. चोराला ठाऊकच नव्हतं की संच दोन आहेत. त्याच्या हातात 'ब' पेपर आला आणि त्याने 'अ'ची उत्तरं भरली, तर तो वर जाईल की खाली?"

सरांचा हात नकळत ड्रॉवरवर गेला.

"बरोबर," मी म्हटलं. "तीच उत्तरपत्रिका."

"आजारी मुलाची उत्तरपत्रिका काय बघायची?" ते म्हणाले. "पोराला ताप होता. पार तळाला गेलाय तो."

"ताप आलेला मुलगा वेडावाकडा चुकतो, सर. हा कसा चुकलाय ते बघू."

बाईंनी वाट बघितली नाही. ड्रॉवर ओढला, उत्तरपत्रिका काढली. कोपऱ्यात 'ब' होतं. तिच्यावर त्यांनी 'अ' पुठ्ठा ठेवला आणि हात बाजूला घेतला.

एकेका भोकात काळा गोल होता. सगळ्यांत. एकही पांढरं भोक नव्हतं. 'ब'च्या पेपरावर 'अ'ची सगळीच्या सगळी बरोबर उत्तरं.

"इतकं बिनचूक चुकता येत नाही कुणाला," बाई हळू आवाजात म्हणाल्या.

"यात काहीतरी गैरसमज..." सरांनी पुन्हा वारा घ्यायला सुरुवात केली.

"सर, तुमच्या हातातला पेपर कुणाचा आहे?"

त्यांनी तो उलटून बघितला. वर पेनाने लिहिलेला बोर्डवाल्याचा रोल नंबर होता, खाली 'ब'. रविवारी पेपर संपल्यावर बोर्डवाल्याने तो केबिनमध्येच टाकला होता. मुलं प्रश्नपत्रिका घरी नेतात, कारण तिच्यावर आकडेमोड असते. याच्यावर नेण्यासारखं काही नव्हतं. काल मी त्याला शिल्लक राहिलेली प्रत समजले होते.

"मी वाचलाच नाही," दाराशी उभा असलेला मुलगा म्हणाला.

सर खुर्चीतून उठले. "बाळा, तू काही बोलू नकोस."

"बोलतो, सर." तो थांबला नाही. "पाकीट मीच उघडलं. आधीचीही. माझा फोटो लागला त्या आठवड्यात मला एक पेपर अवघड गेला. तुम्ही म्हणालात, फलक लागलाय आता, नाक कापू नकोस. त्यानंतर मी एकही पेपर सोडवला नाही. वाचायचीसुद्धा भीती वाटायची. वाचलं आणि आलं नाही तर?"

मला त्याचा राग यायला हवा होता. तो आला नाही. सगळा राग समोरच्या खुर्चीच्या वाट्याला गेला. परीक्षा तोंडावर आलेली, आणि ज्या मुलाला सगळं येतं असं अख्खं गाव समजत होतं, त्याला आपल्याला काय येत नाही हेसुद्धा माहीत नव्हतं.

"तिला पकडलं तेव्हा का नाही बोललास?" भावाने विचारलं. त्याचा आवाज इतका कडक मी लहानपणापासून ऐकला नव्हता.

मुलाने मान खाली घातली. "धीर झाला नाही."

मुंगी उठली. सरांच्या हातातली प्रश्नपत्रिका तिने काढून घेतली आणि त्या मुलाच्या हातात दिली. "कोरीच आहे. आज घरी बसून सोडव. भरपूर चुकशील."

"मग?"

"मग कळेल तरी कुठे चुकतोस. अजून थोडे दिवस आहेत." तिने त्याच्याकडे बघितलं. "आणि माझं नाव गेलं तेव्हा तू गप्प बसलास. ते मी विसरणार नाही. दोन्ही खरं आहे."

५

मुलगा गेल्यावर मोठ्या सरांनी रुमालाने कपाळ पुसलं आणि एकदम वेगळाच माणूस आमच्यापुढे बसला. त्याला मधाचं बोट लावता येत होतं.

"झालं गेलं विसरून जाऊ," ते म्हणाले. "कॉलेजात मी जात नाही. आणि मी म्हणतो, मुलीने एवढं यश मिळवलंय, तर चौकातल्या फलकावर आता हिचाच फोटो लावू. काय, चालेल ना?"

भावाचा चेहरा क्षणभर उजळला. त्याचा दोष नाही. कुठल्या बापाला नको असतं?

"माझा फोटो नको," मुंगी म्हणाली. "लावायचंच असेल तर माझा पहिला पेपर लावा. लाल शाईसकट."

"असं कसं लावणार? लोक काय म्हणतील?"

"मग राहू दे. मला दुसरं काहीतरी हवंय." तिने टेबलावरचा कोरा कागद उचलला, कालपासून पडलेला तोच, आणि सरांपुढे ठेवला. "तुम्ही बाईंना सांगितलंत, मी कबूल केलं म्हणून. अजून कुणाकुणाला सांगितलंत ते मला माहीत नाही. लिहून द्या."

"मी? तुला?" सरांनी माझ्याकडे बघितलं, मग बाईंकडे. आम्ही दोघी मख्ख. शेवटी त्यांनी माझ्या भावाकडे बघितलं, तिथून मदत येईल या खात्रीने. "तुम्ही तरी समजवा हिला. मी वडीलधारा माणूस आहे."

माझ्या भावाने पेन उचललं, त्याचं टोपण काढलं आणि ते सरांच्या हातात दिलं. "दोन ओळींचा तर प्रश्न आहे," तो म्हणाला.

सरांनी लिहिलं, सही केली, तारीख घातली आणि कागद मुंगीकडे सरकवला, मुलांना गुणपत्रिका द्यावी तसा. मी तिच्या खांद्यावरून वाचलं.

'आमच्या नजरचुकीने या विद्यार्थिनीवर चोरीचा आरोप झाला. तिने चोरी केलेली नाही व तशी कबुलीही दिलेली नाही. त्याबद्दल दिलगीर आहोत.'

मला पुरेसं वाटलं. विम्याच्या धंद्यात याहून कमी लेखी मिळालं तरी आम्ही फाईल बंद करतो. मी पर्स उचलली.

मुंगी मात्र बसूनच राहिली. तिने खिशातून लाल पेन काढलं, पहिल्याच ओळीतल्या दुसऱ्या शब्दाभोवती नीट गोल केला आणि कागद उलटा फिरवून सरांपुढे ठेवला.

"चूक बरोबर लिहिलीय, सर," ती म्हणाली. "कारण चुकलंय. परत लिहा."

माझ्या भावाने टेबलावरच्या गठ्ठ्यातून दुसरा कोरा कागद काढून पुढे सरकवला.